भाऊजींनी जपलेली गाठ

माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कुणाला काही विचारायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. नव्या गावात रस्ता चुकले तरी विचारणार नाहीत. तीनदा त्याच चौकात येतील आणि वर म्हणतील, "बघ, चौक आता ओळखीचा झाला." मी बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक विचारतात आणि मी सांगते, हेच माझं पोट. त्यामुळे न विचारणाऱ्या माणसाचा मला मुळातच राग आहे. तेव्हा मी त्यांच्याबद्दल निवांतपणे, गोड गोड काही सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

त्यांचा धंदा फ्रिज दुरुस्तीचा. बाजारामागच्या गल्लीत लांबट, अंधारं दुकान. पुढे उघडून ठेवलेले कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, गॅसचे सिलिंडर, आणि मागच्या भिंतीला टेकून दुरुस्त झालेले फ्रिज गिऱ्हाइकाची वाट बघत उभे. हाताला गुण आहे, ते नाकारून चालणार नाही. फुलवाले, औषधवाले, आइस्क्रीमवाले, कुणाचंही मशीन बंद पडलं की पहिला फोन भाऊजींना. हे गृहस्थ मशीनला कान लावतात, डोळे मिटतात आणि "हं" म्हणतात. ते "हं" ऐकलं की गिऱ्हाइकाच्या जिवात जीव येतो.

थंड ठेवलं की टिकतं, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक. घरच्या फ्रिजमध्ये भाजीपेक्षा बाकीच्याच वस्तू जास्त. टॉर्चचे सेल, मेणबत्त्या, डिंकाची बाटली, ताईची लिपस्टिक, कॅमेऱ्याचे जुने रोल. एकदा माझ्या बुटाचा तळ सुटला तर त्यांनी तो चिकटवला आणि "घट्ट बसेल" म्हणून बूट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी मी ते पायात घातले आणि खिडकीवर पोचेपर्यंत कुडकुडत, दात वाजवत गेले. तळ महिनाभरात पुन्हा सुटला. भाऊजी म्हणाले, "अजून थोडा वेळ ठेवायला हवे होते."

ताई अगदी उलटी. ती बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारीच्या शेजारच्या सीटवर बसायचं, आपल्या पायाखाली जादा ब्रेक आहे यावर भरवसा ठेवायचा आणि समोरून ट्रक आला तरी आवाज चढवायचा नाही, असं तिचं काम. तिच्या तोंडून भाऊजींबद्दल जास्तीत जास्त काय निघायचं, तर "अहो, पुरे आता."

ताईच्या छातीत गाठ निघाली. आधी एका दवाखान्यात सुईने थोडासा नमुना काढला आणि तो कॅन्सर आहे एवढंच कळलं. मग छोट्याशा सर्जिकल हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. आता इथेच गोष्ट घसरली, म्हणून नीट सांगते. त्या हॉस्पिटलची स्वतःची लॅब नाही. काढलेली गाठ औषधाच्या पाण्यात, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये, बरणीत बुडवतात आणि ती बरणी पिशवीत घालून सरळ नातेवाइकाच्या हातात देतात. जा घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला! जिच्यावर बाईचं पुढचं आयुष्य ठरणार, ती वस्तू अशी भाजीसारखी पिशवीतून जाते. सिस्टर भाऊजींना म्हणाली, "आजच पोचवा हं, खराब व्हायला नको."

भाऊजी पोचले तेव्हा लॅबचं शटर खाली होतं. जोडून सुट्ट्या आलेल्या. पाटीवरच्या नंबरवर कुणी फोन उचलेना. दुसरा कुणीही माणूस बरणी घेऊन हॉस्पिटलात परत आला असता आणि विचारलं असतं, आता काय करू? पण विचारतील तर ते भाऊजी कसले!

पुढचं आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं, पण गोष्ट सरळ सांगायची तर ते इथेच सांगायला हवं. ते बरणी घेऊन दुकानात गेले. सगळ्यात चांगला डीप फ्रीझर रिकामा केला, आतून पुसून काढला, जुन्या गोधडीत बरणी गुंडाळून आत ठेवली आणि काटा शेवटपर्यंत फिरवला. मग शटर अर्धं ओढून त्या फ्रीझरजवळ स्टूल टाकून बसले. मधेच लाइट जाते त्या गल्लीत, म्हणून शेजारच्या प्रेसवाल्याचं जनरेटर मागून आणलं. सुट्ट्या संपेपर्यंत माणूस तिथून फारसा हलला नाही.

इकडे ताई शुद्धीवर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "हे कुठायत?" मी फोन लावला. भाऊजी म्हणाले, "महत्त्वाच्या कामात आहे. तू आहेस ना तिथे?" आहे ना! मी खिडकीवरून रजा काढून तिच्या उशाशी आहेच, पण नवरा मी आहे का? संध्याकाळी पाच मिनिटं आले, तिच्या पायावरची चादर सारखी केली, आणि "दुकानात जायला हवं" म्हणून पळाले. मी जिन्यापर्यंत मागे गेले आणि सिस्टर ओरडेपर्यंत त्यांना फैलावर घेतलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि तरी गेलेच.

लॅब उघडली त्या सकाळी त्यांनी बरणी बाहेर काढली. आतलं सगळं दगड झालेलं. ते पुन्हा पाणी होईपर्यंत थांबले, बरणी पुसून लख्ख केली आणि काउंटरवर दिली. काउंटरवरच्या माणसाने बरणीवरचा नंबर बघितला आणि पावती फाडली. गाठ कशी ठेवली होती हे त्याने विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

रिपोर्ट आला आणि आम्ही तिघं कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर बसलो. सज्जन माणूस, पण प्रत्येक वाक्याला "साधारणपणे" लावणारा. माझ्या खिडकीवर मी असं बोलले तर लोक काच फोडतील. त्यांनी समजावलं ते असं: गाठ कॅन्सरची आहे हे कळणं एक, आणि ती पुढे कशी वागणार हे कळणं वेगळं. त्यासाठी तिच्या पेशींवरच्या खुणा बघतात. एक इस्ट्रोजेनची, एक प्रोजेस्टेरॉनची, आणि तिसरी हर-टू नावाची. पहिल्या दोन असल्या तर ती गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते. मग रोजची एक गोळी तिची रसद तोडते, आणि अशी गाठ साधारणपणे सावकाश चालणारी असते. तिसरी असली तर तिच्यासाठी वेगळं इंजेक्शन. "आणि तुमच्या रिपोर्टमध्ये," ते म्हणाले, "तिन्ही नाहीत. अशा गाठी साधारणपणे लवकर उलटतात, म्हणजे परत येतात. गोळीचा उपयोग नाही. जोरदार केमो द्यावी लागेल."

"उलटतात म्हणजे किती जणींना?" मी विचारलं.

"प्रत्येक बाई वेगळी असते."

"अहो, पण अंदाज?"

त्यांनी अंदाज दिला. तो मी इथे सांगत नाही. मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. ताईने मात्र पर्स उचलली, "थँक्यू" म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी येऊन तिने चहा केला, कप धुतले आणि शांतपणे सांगितलं, "मी केमो घेणार नाही."

मी आकांडतांडव केलं. रडले, ओरडले, आईची शपथ घातली. ती म्हणाली, "अगं, ती परत येणारच असेल तर मधले बरे दिवस तरी ओकाऱ्या काढण्यात कशाला घालवू? मला चालता-फिरता येतंय तोवर फिरू दे." तिने शिकाऊ बायका दुसऱ्या बाईकडे सोपवल्या. कपाटं आवरायला घेतली. माझ्या मापाचे नसलेले स्वेटर मला देऊ लागली. भाऊजी नुसते या खोलीतून त्या खोलीत. मला त्यांची चीड यायची. म्हटलं, अहो, बायकोला समजवा, हात धरा, पाया पडा, काहीतरी करा! तर हे फ्रिजचं दार उघडून आत बघत उभे.

डॉक्टरांनी एका आठवड्यात काय ते ठरवा म्हणून सांगितलं होतं. ताईचं ठरलेलंच होतं. आणि अशात लॅबमधून फोन आला की नातेवाइकांनी येऊन भेटा.

मी आणि भाऊजी गेलो. लॅबच्या डॉक्टर एक पोक आलेल्या, जाड चष्म्याच्या बाई. आयुष्य मायक्रोस्कोपवर वाकून गेलेलं. बोलणं फटकळ. मला पहिल्या वाक्यातच आवडल्या.

"हा रिपोर्ट माझ्या सहकाऱ्याने दिला," त्या म्हणाल्या. "मी गाठीच्या कापांच्या काचा पुन्हा बघितल्या आणि मला तो पटत नाही. गाठीची ठेवण बघितली तर ती सावकाश चालणारी दिसते. अशा गाठीत इस्ट्रोजेनची खूण बहुतेक वेळा सापडते. आणि दुसरं असं, गाठीच्या शेजारी निरोगी नळ्या आहेत. दुधाच्या. त्यांच्यावर आमच्या तपासणीचा तपकिरी रंग थोडा तरी चढतोच चढतो. इथे तिथेही चढलेला नाही. निरोगी भागसुद्धा कोरा राहिला, तर याचा अर्थ खूण नाही असा होत नाही. तुकडाच बिघडलेला आहे. ही बरणी कशी ठेवली होती?"

आणि भाऊजी, देवा रे, भाऊजी खुर्चीत ताठ बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर थोडी रया आली. कारण हा प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता. "त्याची काळजी नको," ते म्हणाले. "उणे वीस. एकदासुद्धा वर जाऊ दिलं नाही. मी स्वतः बसून होतो."

बाईंनी चष्मा काढला.

"फॉर्मॅलिन आतपर्यंत मुरायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "ते मुरलं म्हणजे पेशी आहेत तशा टिकतात. तुम्ही ते गोठवलंत. मुरणं थांबलं, आत बर्फाचे खडे झाले, पेशी फुटल्या, आणि पुन्हा वितळल्यावर उरलंसुरलं नासलं. ती बरणी तुमच्या टेबलावर नुसती पडून राहिली असती ना, तरी इतकं नुकसान झालं नसतं."

भाऊजींचा चेहरा मला बघवला नाही. पण कीव यायच्या आधी मला संताप आला, आणि तो कुणाकुणावर काढू असं झालं. मी बाईंवरच घसरले. "तुम्ही लोक बरणी नातेवाइकांच्या हातात देताच कशाला? सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑपरेशन करता, लॅबला कुलूप लावता आणि सांगता काय, तर खराब होऊ देऊ नका! म्हणजे नक्की काय करायचं, ते कोण सांगणार?"

"सांगून सांगून माझा घसा बसला," बाई म्हणाल्या. "तुम्हीही ओरडा. दोघींनी ओरडलं तर कदाचित कुणाला ऐकू जाईल."

सुईने काढलेला पहिला नमुना मागवता येईल का, हे आम्ही बघितलं. त्याची कथा वेगळीच. पहिला दवाखाना म्हणाला नमुना त्यांच्या लॅबकडे, लॅब म्हणाली गोदामात, गोदामवाला म्हणाला अर्ज आणा, अर्जावर सही हवी ती दवाखान्याच्या डॉक्टरांची, आणि ते डॉक्टर रजेवर. मी त्या काउंटरवर उभी राहून असा आवाज लावला की आमच्या डेपोतले ड्रायव्हर ऐकते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. अखेर तो नमुना बसवलेला मेणाचा ठोकळा मिळाला. लॅबच्या बाईंनी तो उजेडाकडे धरला आणि मान हलवली. आधीच्या तपासणीत सगळा संपला होता. नुसतं मेण उरलं होतं.

"आता एकच," त्या म्हणाल्या. "गाठीची अगदी बाहेरची कड. गोठायच्या आधी औषध तिथवर पोचलं असेल तर पोचलं असेल. मी पुन्हा कापून बघते. पण आशा लावून बसू नका."

आशा लावू नका म्हणे! दुसरं काय केलं आम्ही ते चार दिवस?

बाईंनी बोलावलं आणि मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. मला काय कळतंय त्यातलं! सगळीकडे फिकट निळं, चिखलासारखं कालवलेलं. पण एका बाजूला पातळशी पट्टी होती, आणि तिच्यात तपकिरी ठिपके, दाट. "या निरोगी नळ्या, आता रंग घेतलेल्या," बाई म्हणाल्या. "म्हणजे एवढ्या पट्टीवर विश्वास ठेवता येतो. आणि हे पलीकडचे गडद, हे गाठीचे. इस्ट्रोजेन आहे. तिला गोळी लागू पडेल. हर-टू नाही."

मी बाईंना मिठीच मारणार होते. पण भाऊजी तसेच उभे होते. त्यांनी विचारलं. हो, त्यांनी विचारलं! "म्हणजे ती बरी होईल ना?"

"पहिल्या रिपोर्टपेक्षा चित्र पुष्कळ चांगलं आहे. किती चांगलं, ते मी लिहून देऊ शकत नाही. किती टक्के पेशींवर खूण आहे, किती पेशी वाढीला लागल्यात, हे आकडे सगळ्या गाठीवरून काढायचे असतात. पट्टीवरून नाही."

पुढचा घाव कॅन्सरच्या डॉक्टरांनी घातला, तोही "साधारणपणे" लावूनच. अशा गाठीवर एक जनुकांची तपासणी करतात. त्यात धोका कमी निघाला तर केमो टाळता येते, नुसती गोळी पुरते. "ताईंच्या बाबतीत तशी बरीच शक्यता होती. पण त्या तपासणीला चांगला तुकडा लागतो. तो आपल्याकडे नाही. आणि माहीत नसताना मी केमो सोडायचा धोका पत्करणार नाही. पहिल्याइतकी जोरदार नाही, पण द्यावी लागेल."

म्हणजे कदाचित लागलीच नसती. केस गेले नसते, ओकाऱ्या झाल्या नसत्या. कदाचित! हा शब्द घेऊन माणसाने जायचं कुठे?

बाहेर रस्त्यावर भाऊजी म्हणाले, "तिला मीच सांगतो." मी म्हटलं, "सांगाच. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तुम्हाला परवडणार नाही."

ताई स्वयंपाकघरात बसली होती. भाऊजींनी तिच्या समोरची खुर्ची ओढली आणि एका दमात सगळं सांगितलं. लॅब बंद होती, फ्रीझर, गोधडी, जनरेटर, फुटलेल्या पेशी, ती पट्टी, गोळी, आणि केमो टळली असती ते. काही लपवलं नाही. मी दाराशी उभी होते. म्हटलं, आता ही फुटणार. फुटूच दे एकदा.

ताईने केमोचं काही विचारलं नाही. गोळीचंही नाही. तिने विचारलं, "म्हणजे सुट्टीचे ते सगळे दिवस तुम्ही दुकानात होता?"

"हो."

"त्या बरणीजवळ?"

"लाइट गेली असती तर..." भाऊजी म्हणाले. "तुझंच होतं ना ते. नासू द्यायचं नव्हतं मला."

ताईचा आवाज चढला. ट्रक समोर आला तरी न चढणारा आवाज. "अहो, ते त्यांनी माझ्यातून काढून टाकलं होतं! मी वॉर्डात होते. दार वाजलं की मान वळवत होते. मला वाटलं तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही. आता ही अशी झाली, म्हणून येत नाहीत. केमो नको म्हटलं ना, ते त्या डॉक्टरांच्या आकड्यामुळे नव्हतं म्हटलं मी. म्हटलं, कुणासाठी घेऊ?"

भाऊजी काहीतरी म्हणायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. मोठा बाप्या माणूस, खांदे हलवून रडायला लागला.

"नाही," ताई म्हणाली. "तुम्ही रडायचं नाही. केमो मला घ्यायची आहे, ती मी घेईन, पण आज तुम्ही रडलात तर तुम्हालाच समजावत बसावं लागेल मला. कळलं? मी रडणार आहे. तुम्ही इथे बसा. उठायचं नाही, पाणी आणायचं नाही, काही करायचं नाही."

आणि ती रडली. ऑपरेशनपासून तिच्या डोळ्यांत टिपूस बघितलं नव्हतं मी. टेबलावर डोकं टेकून, मोठमोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता ती रडली. भाऊजी ओठ दाबून समोर बसून राहिले. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं. त्यांच्यावरचा माझा राग काही गेला नाही. पण मीही खुर्ची ओढून तिथेच बसले.